खिशातला डिजिटल कॅमेरा : एका अल्पायुषी यंत्राचा इतिहास

२००४ सालचे पहिले काही महिने. अमेरिकी लष्कराचे तपास अधिकारी ब्रेंट पॅक यांच्यासमोर काही सीडी आल्या. त्यांत हजारो छायाचित्रे होती. बगदादजवळच्या अबू ग्रैब तुरुंगातील पहारेकऱ्यांनी ती काढली होती. कोणी सांगितले म्हणून किंवा कामाचा भाग म्हणून नव्हे, तर सहलीला गेल्यावर काढावीत तशी, आपापल्या खिशातल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांनी. कैद्यांच्या छळाचे आरोप सिद्ध व्हायचे तर पॅक यांना एका जुन्याच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागणार होते : कोणते छायाचित्र केव्हा काढले?

इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न चांगलाच ओळखीचा आहे. बिनतारखेचे मोडी पत्र हाती आले, की मजकुरातली माणसे, प्रसंग, दुसऱ्या पत्राशी बसणारा मेळ यांवरून त्याचा काळ ठरवावा लागतो. फरक एवढाच, की पॅक यांच्यापुढच्या प्रत्येक चित्राला तारीख होती, तास-मिनिट-सेकंदांसह होती, आणि तरीही तिच्यावर विसंबता येत नव्हते. असे का झाले हे समजण्यासाठी ज्या यंत्राने ही चित्रे काढली त्याच्या जन्मापाशी जावे लागते. हे यंत्र घरोघरी पोहोचले आणि पंधरा-वीस वर्षांत कपाटाच्या खणात जाऊन पडले. त्याची ही कहाणी. (थ्रेड)

डिसेंबर १९७५. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात कोडॅक कंपनीची प्रयोगशाळा. स्टीव्हन सॅसन या पंचविशीच्या अभियंत्याने तिथे एक विचित्र पेटी जुळवली. भिंग सुपर-८ चलच्चित्र कॅमेऱ्याचे, विजेसाठी निकेल-कॅडमियमच्या सोळा बॅटऱ्या, चित्र साठवायला कॅसेट रेकॉर्डर, आणि फिल्मच्या जागी फेअरचाइल्ड कंपनीची सीसीडी नावाची प्रकाशसंवेदी चिप. वजन सुमारे ३.६ किलो. चित्रात शंभर आडवे आणि शंभर उभे, म्हणजे अवघे १०,००० बिंदू, तेही कृष्णधवल. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि मग ते टीव्हीच्या पडद्यावर पाहायचे.

एका कॅसेटवर किती चित्रे मावू द्यावीत हे सॅसनने स्वतःच ठरवले : ३०. रोलमध्ये २४ किंवा ३६ चित्रे असतात, तेव्हा मधला आकडा कोणाला परका वाटणार नाही, हा हिशेब त्यामागे होता. नवे यंत्र जुन्याच्या सवयी घेऊन कसे जन्माला येते, याचे इतके नेमके उदाहरण क्वचित सापडते.

वरिष्ठांना हे प्रकरण फारसे रुचले नाही. आपली छायाचित्रे टीव्हीवर बघण्याची हौस कोणाला असणार, असा त्यांचा सवाल होता. सर्वसामान्यांना हे यंत्र केव्हा घेता येईल, या प्रश्नावर सॅसनचा अंदाज होता पंधरा ते वीस वर्षे. तो जवळजवळ तंतोतंत खरा ठरला.

इथे एका लोकप्रिय दंतकथेची दखल घेणे आवश्यक आहे. ‘कोडॅकने डिजिटल कॅमेरा शोधला, घाबरून दडवला आणि त्यामुळे कंपनी बुडाली’ ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत फार आवडीने सांगितली जाते. प्रत्यक्षात कोडॅकने १९७८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे डिजिटल पेटंटांवर भरपूर पैसा कमावला. २००५ मध्ये तर अमेरिकेत सर्वाधिक डिजिटल कॅमेरे विकणारी कंपनी कोडॅकच होती. अडचण वेगळी होती. फिल्मच्या धंद्यात कॅमेरा एकदाच विकला जाई; खरी कमाई पुढे वर्षानुवर्षे विकल्या जाणाऱ्या रोल, रसायने आणि कागदाची. डिजिटल कॅमेरा विकला की त्या गिऱ्हाइकाशी व्यवहार संपला. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला तो या गणितापायी.

सॅसनची पेटी खिशात मावायला तीन गोष्टी लागणार होत्या. पहिली, प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी चिप. सीसीडीची कल्पना १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडली. त्यासाठी त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यावाचून बाकीचे सारे फुकट गेले असते. चित्रातला प्रत्येक बिंदू जसाच्या तसा साठवायचा तर जागा अफाट लागते. हा पेच ज्या गणिताने सोडवला त्याचा जनक भारतीय आहे. १९४० मध्ये बंगळूरला जन्मलेले नसीर अहमद अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या पद्धतीवर काम करण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. अहमद यांनी काम सोडले नाही. विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

पद्धतीचे सार असे. चित्राचे आठ बिंदू लांब आणि आठ बिंदू रुंद असे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात प्रकाश सावकाश कुठे बदलतो आणि भरभर कुठे बदलतो हे वेगळे काढायचे. माणसाच्या डोळ्याला मोठे, संथ बदल चटकन कळतात. बारीक, झटपट बदल फारसे कळत नाहीत. मग जे कळत नाही ते साठवायचेच कशाला? ते ढोबळ करून टाकायचे. १९९२ मध्ये ठरलेले जेपीईजी हे मानक याच गणितावर उभे आहे. आज फोनमधले चित्र मोठे करून पाहिल्यावर कडांशी जे धूसर चौकोन दिसतात, त्यांचे मूळ इथे आहे.

तिसरी गोष्ट, वीज गेली तरी न पुसली जाणारी चिमुकली स्मृती. ती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांची. १९८४ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली. तिच्यातली माहिती एका झटक्यात पुसली जाते हे पाहून सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा लखलखाट आठवला आणि त्यांनी नाव सुचवले ‘फ्लॅश’. कॅमेऱ्याच्या उपमेवरून नाव पडलेली वस्तू पुढे कॅमेऱ्याच्याच पोटात जाऊन बसली.

मधल्या काळात बरेच प्रयोग झाले. सोनीने १९८१ मध्ये ‘माविका’ दाखवला. त्याला पुष्कळदा पहिला डिजिटल कॅमेरा म्हणतात, ते चूक आहे. तो चुंबकीय तबकडीवर व्हिडिओचे स्थिर चित्र, म्हणजे अॅनालॉग संकेत, साठवत असे. १९९४ मध्ये अॅपलने कोडॅककडून बनवून घेतलेला ‘क्विकटेक १००’ आणला. ७४९ डॉलर किमतीच्या त्या कॅमेऱ्यात उत्तम दर्जाची चित्रे मावत ती फक्त आठ.

खरे वळण आले ते छायाचित्रणाशी परंपरेने काहीच संबंध नसलेल्या कंपनीकडून. कॅसिओ ही कॅल्क्युलेटर आणि घड्याळे बनवणारी जपानी कंपनी. स्थिर चित्रांचा तिचा १९८७ मधला कॅमेरा सपशेल आपटला होता. तरीही हिरोयुकी सुएताका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाद सोडला नाही. मार्च १९९५ मध्ये ६५,००० येन किमतीचा ‘क्यूव्ही-१०’ बाजारात आला. चित्रे ३२० गुणिले २४० बिंदूंची, म्हणजे यथातथाच. पण पोटात ९६ चित्रे मावत होती, भिंग गोल फिरवून स्वतःकडेही वळवता येत होते, आणि मुख्य म्हणजे पाठीवर १.८ इंचांचा रंगीत पडदा होता. सामान्य ग्राहकासाठी विकलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर असा पडदा प्रथमच आला.

या पडद्याचे महत्त्व आज लक्षात येणे कठीण आहे. भारतातल्या मध्यमवर्गीय घरात त्याआधी आग्फाचा ‘क्लिक-थ्री’ असे, नंतर ‘हॉट शॉट’ आला, मग कोडॅकचा ‘केबी-१०’. क्लिक-थ्रीच्या रोलमध्ये बारा चित्रे. बारसे, मुंज, गणपती, एखादी महाबळेश्वरची सहल असे करत रोल संपेपर्यंत कधी कधी वर्ष सरे. तो धुवायला द्यायचा, आठवडाभर थांबायचे, आणि मग कळायचे की नेमक्या आजोबांनीच डोळे मिटले आहेत. छायाचित्र काढणे हा एक संकल्प होता. माणसे त्यासाठी केस विंचरून, श्वास रोखून उभी राहत, कारण दुसरी संधी पैसे मोजूनच मिळे.

पडद्याने हा संकल्प मोडला. चित्र लगेच दिसू लागले आणि नको असलेले लगेच पुसता येऊ लागले. दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी आहे. निगेटिव्ह टाकून दिली तरी ती पाकिटात पडून राहत असे. फसलेली चित्रेही कुटुंबाच्या दप्तरात जमा होत. डिजिटल कॅमेऱ्याने प्रत्येकाला आपल्या दप्तराचा दफ्तरदार केले आणि हातात पुसण्याचे बटण दिले. आजोबांचे मिटलेले डोळे यापुढच्या कुठल्याच अल्बममध्ये सापडणार नव्हते.

छायाचित्रणकला मुंबईत पोहोचायला वेळ लागला नव्हता. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या शोधाची घोषणा झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीही. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आघाडीच्या सदस्यांपैकी. पण ती कला धनिकांची आणि हौशी विद्वानांची होती. खिशातला डिजिटल कॅमेरा महाराष्ट्रात आला तो फार वेगळ्या वाटेने : अमेरिकेहून किंवा आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाच्या, मेहुण्याच्या बॅगेतून. २००० मध्ये कॅननचा पत्त्यांच्या जोडाएवढा डिजिटल ‘इक्सस’ आला, त्याच सुमारास एसडी कार्ड बाजारात आले, आणि किमती उतरू लागल्या तशी मुंबईच्या बोरा बाजारातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांतून ही चंदेरी डबी घरोघरी जाऊ लागली.

चित्रे काढून करायचे काय, याची उत्तरे मजेशीर होती. संगणकात उतरवायची, सीडी ‘राइट’ करून मावशीला द्यायची, निवडक चित्रे ऑर्कुटवर चढवायची. ऑर्कुटच्या सुरुवातीच्या अल्बमची मर्यादा बारा चित्रांची होती. क्लिक-थ्रीच्या रोलएवढीच! शेकडो चित्रे काढता येऊ लागल्यावरही जगाला दाखवायला पुन्हा बाराच निवडायची वेळ आली होती.

या काळातल्या दोन तांत्रिक निर्णयांचा इतिहासाच्या अभ्यासकाशी थेट संबंध आहे. १९९५ मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेने ‘एक्झिफ’ हे मानक ठरवले. चित्राच्या धारिकेतच कॅमेऱ्याचे नाव, भिंगाचे झरोक्याचे माप, प्रकाश घेण्याचा अवधी, तारीख आणि वेळ लिहिली जाऊ लागली. १९९८ मध्ये चित्रे ठेवण्याच्या फोल्डरचे नावही ठरले : ‘डीसीआयएम’. हे फोल्डर आजच्या कोणत्याही अँड्रॉइड फोनमध्ये उघडून पाहता येईल. कॅमेरा गेला, त्याच्या फडताळाचे नाव राहिले.

एक्झिफमुळे प्रत्येक घरगुती छायाचित्र हे मितीसह लिहिलेले पत्र झाले. पण मिती लिहिणारा कारकून म्हणजे कॅमेऱ्यातले घड्याळ, आणि ते लावणारा माणूस आळशी. कॅमेरा हातात आल्यावर तारीख लावण्याचा कंटाळा करणारे असंख्य. बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की घड्याळ मूळ तारखेवर परत जाई. परदेशातून आणलेला कॅमेरा तिथलीच वेळ पाळत राही आणि पुण्यातल्या सकाळच्या मुंजीवर रात्रीची वेळ उमटे.

अबू ग्रैबमध्ये नेमके हेच घडले होते. तीन कॅमेरे आणि तिघांची घड्याळे एकमेकांशी न जुळणारी. पॅक यांनी एक प्रसंग शोधला जो एकाच क्षणी वेगवेगळ्या कोनांतून एकाहून अधिक कॅमेऱ्यांनी टिपला होता. तो क्षण समान धरून त्यांनी घड्याळांतला फरक काढला आणि सगळी चित्रे एका कालरेषेवर आणली. शकावलीतील एखादी नोंद ग्रहणासारख्या निश्चित घटनेशी ताडून तिची मिती पक्की करावी, तशीच ही रीत. छायाचित्रे २८ एप्रिल २००४ रोजी अमेरिकी दूरचित्रवाणीवर झळकली होतीच. खटल्यांत त्यांच्या क्रमाला वजन आले ते या जुळणीमुळे. संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी मे महिन्यात संसदीय समितीपुढे, सैनिक डिजिटल कॅमेरे घेऊन फिरतात आणि चित्रे बाहेर पाठवतात, याबद्दल जी हतबलता व्यक्त केली, ती एका अर्थी या यंत्राला मिळालेली मोठीच पावती होती. धुवायला रोल देण्याची गरज उरली नव्हती, त्यामुळे मध्ये अडवणारा कोणी उरला नव्हता.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला हिंदी महासागरात त्सुनामी आली. थायलंडच्या किनाऱ्यावर काही आठवड्यांनी एक मोडका डिजिटल कॅमेरा सापडला. कॅमेरा निकामी झाला होता, पण आतले कार्ड शाबूत होते. त्यावर एका कॅनेडियन दांपत्याच्या सुट्टीची चित्रे होती आणि शेवटी एकामागून एक जवळ येत गेलेली लाट. ते दांपत्य वाचले नाही. चित्रे त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचली. फिल्मचा रोल खाऱ्या पाण्यात इतके दिवस टिकून ही साक्ष देऊ शकला असता, असे वाटत नाही.

अभ्यासकांच्या कामातही या डबीने मोठी उलथापालथ केली. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून कागद मिळवत आणि हाताने नकला करून घेत. शंभर वर्षांनंतरही परदेशातल्या दप्तरात बसणाऱ्या संशोधकाला पेन्सिलीने उतरवून घ्यावे लागे किंवा महागड्या प्रतींसाठी पैसे मोजावे लागत. लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराने वाचकांना स्वतःचा कॅमेरा वापरू दिला तेव्हा एका दिवसात शेकडो पाने टिपणे शक्य झाले. मराठ्यांच्या इतिहासाची अमूल्य कागदपत्रे ज्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत, त्या ब्रिटिश लायब्ररीने मात्र वाचनकक्षांत अशी मुभा दिली ती २०१५ पासून, म्हणजे खिशातल्या कॅमेऱ्याचा काळ सरल्यावर. इकडे सह्याद्रीत हिंडणाऱ्या तरुणांनी याच कॅमेऱ्यांनी वीरगळ, शिलालेख, ढासळते बुरूज टिपले. पुढे पडझडीने किंवा डागडुजीने ज्यांचे रूप बदलले, त्यांचे आधीचे रूप आज कित्येकदा अशा हौशी चित्रातच उरले आहे.

फिल्मचा अंत आणि या यंत्राचा कळस जवळजवळ एकाच वेळी आला. कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम फिल्म बंद केली आणि कारखान्यातला शेवटचा रोल स्टीव्ह मकरी या छायाचित्रकाराला दिला. त्या ३६ चित्रांपैकी काही मकरीने मुंबईत येऊन हिंदी चित्रपटसृष्टीतील कलावंतांची काढली. प्रत्येक चित्रापूर्वी तो डिजिटल कॅमेऱ्याने प्रकाश अजमावून घेत होता. २०१० मध्ये तो रोल कॅन्ससमधल्या एका प्रयोगशाळेत धुतला गेला. त्याच वर्षी जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. त्यांतले बहुसंख्य खिशात मावणारे.

आणि मग कडा कोसळावा तसा बाजार कोसळला. कारण सर्वांना ठाऊक आहे. कॅमेरा असलेला शार्प कंपनीचा फोन जपानमध्ये २००० मध्येच आला होता. त्याचे चित्र हास्यास्पद होते, पण त्याच्याकडे एक गोष्ट होती जी कॅमेऱ्याकडे नव्हती : चित्र काढल्या जागेवरून पाठवता येत होते. कॅमेऱ्याचे चित्र मात्र केबल, संगणक आणि मोकळी संध्याकाळ यांची वाट पाहत बसे. ज्या कॅसिओने पाठीवर पडदा दिला, तिनेच २०१८ मध्ये हा धंदा सोडला. २०२३ मध्ये सर्व प्रकारचे मिळून सुमारे ७७ लाख डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून निघाले, त्यांत खिशातले जेमतेम १७ लाख.

यंत्र गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. चिंता आहे ती त्याने काढलेल्या चित्रांची. १९६५ चा कृष्णधवल फोटो ट्रंकेत सापडतो. २००५ चा रंगीत फोटो कुठे आहे? तो ज्या सीडीवर राइट केला तिच्यावरचा रंगद्रव्याचा थर विरत चालला आहे. ज्या संगणकात उतरवला तो भंगारात गेला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. स्मार्टमीडिया, मेमरी स्टिक, एक्सडी अशी कार्डे ज्यांत घालायची ते वाचक मिळेनासे झाले. फ्लॅश स्मृतीतला विद्युतभारही कायमचा नसतो. वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या कार्डातून तो हळूहळू झिरपतो. फिल्म आणि क्लाउड यांच्या मधली ही दहा-बारा वर्षे घरगुती दप्तरांत सर्वांत विरळ ठरण्याचा धोका आहे आणि नेमकी तीच वर्षे सर्वाधिक उत्साहाने टिपली गेली होती.

गेल्या काही वर्षांत गंमत अशी झाली, की या यंत्राच्या भराच्या काळात जन्मलेली मुलेच ते पुन्हा शोधू लागली आहेत. फोनच्या गुळगुळीत चित्रांपेक्षा जुन्या सीसीडीचे रंग आणि चेहऱ्यावर थेट आदळणारा फ्लॅश त्यांना खरा वाटतो. सीसीडीच्या रंगांविषयी जी जादू सांगितली जाते तिच्यात अतिशयोक्ती पुष्कळ आहे. पण खिशातल्या कॅमेऱ्यांचा आकडा २०२४ मध्ये थोडा वर सरकून १८ लाखांपलीकडे गेला, हे खरे. काकाच्या कपाटातून निघालेल्या अशा डबीत कधी जुने कार्ड तसेच राहिलेले असते, वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या लग्नाच्या पंगतीसह. बॅटरी भारून कॅमेरा सुरू केला, की ती पंगत दिसण्याआधी पडद्यावर एक चौकट उमटते. घड्याळ केव्हाच मूळ तारखेवर गेलेले असते, आणि कॅमेरा विचारतो : आज तारीख काय?